घरचा कमावता माणूस जातो अशा कथांमध्ये खरं हलवतं काय? मरण की मरणानंतरची पाच मिनिटं?

पारिजात_फोंडा

मंडळी, मागच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर विषय निघाला की गरीब घरातला कमावता माणूस जातो अशा कथा-कादंबऱ्यांमधला सगळ्यात हेलावून टाकणारा प्रसंग कुठला. जवळजवळ सगळ्यांनी मरणाचाच प्रसंग सांगितला, शेवटचा श्वास, बायकोचा हंबरडा, कोपऱ्यात उभी पोरं. मला ते अजिबात पटलं नाही पण तिथे वेळ संपली म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं असं की मरणाचं दुःख बंगल्यात पण तेच आणि मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या कुळाच्या, घरात पण तेच. गरिबाच्या घरात वेगळं काय होतं तर रडायच्या आधी काहीतरी ठरवावं लागतं. पैसे कुठून आणायचे, कोणाला निरोप धाडायचा, घरात आहे ते कशावर घालवायचं. लेखक ज्या क्षणी हे ठरवणं दाखवतो तिथे माझ्या पोटात खड्डा पडतो, त्याच्या आधी नाही.

प्रेमचंदांच्या 'गोदान'चा (1936) शेवट घ्या. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, होरी नावाचा शेतकरी, आयुष्यभर एक गाय दारात असावी एवढीच इच्छा, शेवटी शेतकऱ्याचा मजूर होतो आणि रस्त्यासाठी कंकर (खडी) खणताना लू (उन्हाची झळ) लागून पडतो. धनिया, त्याची बायको, कैरी भाजून पन्हं करते, गव्हाचा कोंडा अंगाला चोळते, कारण डॉक्टरला बोलवायला पैसे नाहीत. आणि मग लोक म्हणतात गोदान कर. ती उठते, त्याच दिवशी सुतळी विकून आलेले वीस आणे आणते आणि नवऱ्याच्या थंड हातात ठेवून भटजीला सांगते की घरात गाय नाही, वासरू नाही, पैसा नाही, हे एवढेच आहेत, हेच ह्यांचं गोदान. होरीचा जीव कसा गेला हे मला आज आठवत पण नाही नीट, पण ते वीस आणे आठवतात. आणि ते कोणाला जातात तर ज्याच्या व्याजाखाली तो माणूस पिचला त्यालाच.

असंच 'अपराजितो' (1956) चित्रपटाचं. हरिहर काशीला घाटावर पोथी वाचून घर चालवतो, तो जातो तेव्हा कबुतरांचा थवा उडतो, सगळे त्या कबुतरांबद्दलच बोलतात. मला मात्र त्यानंतरची सर्बजया जास्त लागते, ब्राह्मणाची बायको दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकीण होते, आणि एक दिवस आपला मुलगा अपू पण मालकाच्या सेवेला लागलाय हे तिच्या नजरेला पडतं. तिथे ती काही बोलत नाही. तिथेच ती ठरवते की इथून निघायचं.

तुम्हाला काय वाटतं? सहमत नसाल तर जास्त बरं, पण प्रसंग सांगून बोला.

रापणीकडची

पारिजातताई, मनापासून असहमत.

मी कोळ्याच्या घरातली, गोव्यातल्या सासष्टीच्या किनाऱ्यावरची. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. कथांमध्ये जी बाई नवऱ्याचं प्रेत घरात असताना डब्यातले पैसे मोजते ती मी बघितलेली नाहीये. आमच्याकडे पैसे मोजले ते मामाने आणि वाड्यावरच्या (म्हणजे वस्तीतल्या) माणसांनी, तांदूळ कोणी आणले, नारळ कोणी आणले, लाकडं कोणी आणली हे आईला कित्येक दिवस ठाऊकच नव्हतं, ती नुसती रडली आणि वाड्याने तिला रडू दिलं. गरिबाच्या घरात मरण आलं की ते घर एकटं पडतं ही मला लिहिणाऱ्यांची कल्पना वाटते. फ्लॅटमध्ये राहून लिहिलं की असं होतं.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. तुम्ही म्हणताय गरिबाचं रडणं साधं आहे, त्याचा हिशेब मोठा आहे. म्हणजे गरीब बाईने नवऱ्यासाठी नुसतं माणूस म्हणून रडायचं पण नाही का? ती नेहमी 'आता घर कसं चालणार' म्हणूनच रडते असं दाखवतात. माझी आई तो माणूस गेला म्हणून रडत होती. त्याचं गाणं, त्याचा राग, सगळं गेलं म्हणून. पगार गेला म्हणून नाही.

निमूट_वाचक

+१ रापणीकडची. हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

मास्तर_काणकोण

धागा चांगला आहे. मी पारिजात यांच्या बाजूने, पण त्यांनी निवडलेलं 'गोदान'चं दृश्य त्यांच्याच विरोधात जातं असं मला वाटतं. धनिया वीस आणे देते आणि त्याच क्षणी बेशुद्ध पडते. शेवटचं वाक्य ते आहे. म्हणजे ठरवणं आणि कोसळणं दोन्ही एकाच श्वासात आहे, हिशेब पुढे आणि रडणं मागे असं प्रेमचंदांनी केलेलंच नाही.

मला सांगायचाय तो प्रसंग रापणीकडची यांना जवळचा वाटेल म्हणून सांगतो. जे. एम. सिंज नावाच्या आयरिश नाटककाराची एकांकिका आहे, 'रायडर्स टू द सी', 1904 ची. म्हातारी मॉऱ्या, नवरा, सासरा आणि एकामागून एक मुलगे समुद्राने नेलेत, आता शेवटचा बार्टली घोडे विकायला समुद्रापलीकडे निघालाय. ती त्याला आशीर्वाद देत नाही, जाऊ नको म्हणून भांडत बसते. तो गेल्यावर मुलींच्या लक्षात येतं की त्याची भाकरी चुलीवरच राहिली, दिवसभर उपाशी राहील. म्हणून म्हातारी भाकरी घेऊन त्याला वाटेत गाठायला जाते, आणि परत येते तेव्हा भाकरी तिच्या हातातच असते. देता आली नाही. बार्टली अजून जिवंत आहे त्या वेळी! मरण नंतर येतं. मी वर्गात हे सांगितलं की पुढचं वाचायच्या आधीच पोरं गप्प होतात.

तेव्हा माझं मत, हलवणारा क्षण मरणानंतरचा पण नाही, मरणाचा पण नाही, तो बऱ्याचदा मरणाच्या आधी असतो. माणूस कामाला निघतो तेव्हाचा.

झुआरीपार

सर, ते नाटक आहे, धागा कथा-कादंबरीचा आहे. तरी चालेल, पण त्यातच पुढे मला जे सापडतं ते बरोबर पारिजातताईंचं आहे. बुडालेल्या दुसऱ्या भावाचे कपडे कुठून तरी लांबून आणलेत, ते त्याचेच का हे कळायला मार्ग नाही, तेव्हा बहीण मोज्याचे टाके मोजते. स्वतः विणलेला, चार टाके सुटलेले तिला आठवतात. ओळख पटते ती तिथे. आणि शेवटी शवपेटीसाठी पांढऱ्या फळ्या आहेत पण खिळे आणायला विसरले. हे सगळं काम आहे, रडणं नाही.

आता माझा मुद्दा वेगळा. मला अशा प्रसंगांचाच कंटाळा आलाय, म्हणजे हल्लीच्या कथांमधल्या. दिवाळी अंक उघडला की बाप मेलेला आणि दारात त्याच्या चपला. चष्मा, डबा, सायकल, खुंटीवरचा शर्ट. लेखकाला माहीत असतं की चपला दाखवल्या की वाचक रडणार म्हणून तो दाखवतो. दुसऱ्याच्या गरिबीवर आपण घरबसल्या डोळे पुसतो आणि बरं वाटून झोपतो, याच्यात चांगलं काय आहे ते मला खरंच कळत नाही.

पारिजात_फोंडा

झुआरीपार, चपलांबद्दल पूर्ण सहमत, आणि फरक पण तिथेच आहे असं मला वाटतं. चपला दारात पडून राहतात, त्यांचं कोणी काही करत नाही, त्या फक्त वाचकासाठी ठेवलेल्या आहेत. वीस आण्यांचं धनियाला काहीतरी करावं लागतं. मोठ्या मुलाच्या पायात त्याच चपला दोन नंबर मोठ्या होतात आणि तरी त्या घालून तो कामाला जातो असं कोणी लिहिलं तर मी वाचेन.

रापणीकडची, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. वाडा उभा राहतो हे खरं आहे, आमच्या गावात पण बघितलंय. पण तो बाराव्या-तेराव्यापर्यंत. मी म्हणते ती गोष्ट जूनमध्ये येते, पाऊस सुरू होतो, शाळा सुरू होते, वह्या-छत्री-रेनकोट, तेव्हा वाडा आपापल्या घरात असतो. नाहीतर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. वर्षभर सुतकामुळे माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची सजावट) नाही, करंज्या नाहीत, सगळे म्हणतात यंदा त्यांच्याकडे नाहीये आणि तो दुकानदार जो दर वर्षी चवथीचं सामान उधारीवर द्यायचा तो यंदा 'काय काय पाठवू' असं विचारत नाही, सुतक आहे म्हणून विचारत नाही की आता फेडणार कोण म्हणून विचारत नाही हे त्या बाईला कधीच कळणार नाही. असा प्रसंग मराठीत मला कुठे सापडला नाही, लिहायला हवा कोणीतरी.

रापणीकडची

चवथीचं खरं आहे. ते मला लागलं. (आमच्याकडे दुकानदाराने विचारलं होतं, पण आईनेच नको सांगितलं.)

तरी पण माझा प्रश्न तसाच आहे. तुम्ही परत तिला उधारीपाशीच नेलंत.

सांगेकार

सगळे मरणाबद्दल बोलताय. कमावता माणूस मेला नाही पण कमाई मेली, त्याचं काय?

मी गोव्याच्या खाणपट्ट्यातला. 2012 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, 2014 ला थोडी वाट मोकळी झाली आणि मार्च 2018 ला परत सगळं ठप्प, खाणींची 88 लीज रद्द. पर्यावरणाचं जे नुकसान झालं ते मी नाकारत नाही, आमच्या शेतात लाल चिखल मी पण बघितलाय, पुंडलीक नाईकांची 'अच्छेव' ही कोंकणी कादंबरी 1977 सालीच खाणीने गाव कसा खाल्ला ते सांगून गेली. पण त्यानंतरचं कोण लिहिणार? कर्ज काढून टिप्पर (खनिज वाहायचा ट्रक) घेतलेला माणूस, टिप्पर अंगणात उभा, टायर खाली बसलेले, हप्ता चालू. खनिज नेणाऱ्या बार्जवरचा खलाशी घरी. बाप सकाळी उठून आंघोळ करून कपडे करून बसायचा आणि कुठे जायचं नसायचं. आई त्याला भाजी चिरायला द्यायची, कारण त्याला काहीतरी हातात हवं म्हणून. आम्ही त्या दिवसांत बापाकडे पैसे मागायचं बंद केलं आणि त्याला ते कळलं, तो क्षण मरणापेक्षा वाईट होता हे मी शपथेवर सांगतो.

अण्णाभाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' ही कथा ह्यामुळेच मला सगळ्यात वरची वाटते. भीमा, वारणेकाठचा धिप्पाड गडी, मुंबईत येतो, खाणीवर काम करतो, खाण बंद पडते. बायको आहे, पोर आहे. मग तो रात्री स्मशानात जाऊन राख चाळतो, मढी उकरतो, अंगावरच्या दागिन्यातलं थोडंफार सोनं विकून घर चालवतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत मढं उकरतो आणि मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं जातात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण परत सुरू झाली. ज्या बोटांच्या जोरावर तो खाण फोडायचा ती बोटं आता नाहीत. माणूस जिवंत आहे, बायको-पोर समोर आहेत. यात ना गेलेल्या माणसासाठी रडणं आहे ना हिशेब. तुमच्या दोघींच्या वादात ही कथा बसतच नाही.

निमूट_वाचक

सांगेकार, वाचून काही सुचेना. भाजी चिरायची गोष्ट लिहा हो तुम्ही, धाग्यावर नको, पूर्ण कथा लिहा.

झुआरीपार

मी वर जे लिहिलं ते सांगेकारांच्या बापाला लागू नाही. ते जगलेलं आहे. माझा राग चपला मांडून ठेवणाऱ्यांवर आहे आणि तो कायम आहे.

एक मात्र कोणी बोललं नाही, कमावता म्हणजे सगळ्यांनी पुरुषच धरलाय. प्रेमचंदांच्याच 'कफन'मध्ये कमावती ती सून आहे, बुधिया. दळण दळून, गवत कापून ती त्या दोन आळशी माणसांचं पोट भरते, सासऱ्याचं आणि नवऱ्याचं. ती बाळंतपणात आत तडफडतेय आणि हे दोघे बाहेर बटाटे भाजून खातायत, आत बघायला नवरा जात नाही कारण तो गेला तर बाप जास्त बटाटे खाईल. घर पोसणारं माणूस मरतंय आणि घर बटाट्याकडे बघतंय. इथे ताईंचं 'ठरवणं' आहे का? आहे, दोघांनी ठरवलंय की आत जायचं नाही.

मास्तर_काणकोण

झुआरीपार, उत्तम आठवण. आमच्याकडे आजही किती घरं बाईच्या कमाईवर उभी आहेत, मासळी बाजारात बघा, हॉटेलात भांडी घासायला जाणाऱ्या बघा. ती बाई गेली तर 'कमावती गेली' असं कोणी म्हणत नाही, 'पोरांची आई गेली' म्हणतात.

'कफन'मधलं मला जे टोचतं ते पुढचं. ती जिवंत असताना उपचाराला कोणी दमडी देत नाही, मेल्यावर कफनासाठी जमीनदार दोन रुपये फेकतो, बाकीचे मिळून पाच रुपये होतात. तो सासरा घीसूच म्हणतो की जिवंतपणी अंग झाकायला चिंधी नाही आणि मेल्यावर नवं कफन हवं, हा कसला रिवाज. आणि ते पैसे दोघे दारू-पुऱ्यांवर उडवतात. रापणीकडची, तुमच्या वाड्याने तांदूळ आणले हे मला पूर्ण मान्य. पण वाडा मरणाला धावतो तसा आजारपणाला धावतो का, हा प्रश्न प्रेमचंदांनी विचारलाय असं मला वाटतं.

रापणीकडची

मास्तर, आमच्या वाड्याबद्दल म्हणाल तर धावला होता, बांबोळीच्या इस्पितळात बाबांना न्यायला गाडी रात्री दोनला वाड्यानेच काढली. पण सगळीकडे तसं नसतं हे मानते.

आणि 'कफन'मध्ये पण बघा ना, बुधियासाठी शेवटी रडतं कोण? तो नवरा माधवच, दारू प्यालेला, निर्लज्ज, तोच मध्येच ओक्साबोक्शी रडतो की बिचारीने आयुष्यात फार दुःख भोगलं. एवढ्या नीच माणसाला सुद्धा लेखकाने रडू दिलं. मग धनियासारख्या बाईला तुम्ही वीस आणे मोजणारी म्हणूनच का लक्षात ठेवता, ती कोसळली ती कशासाठी, वीस आणे संपले म्हणून?

पारिजात_फोंडा

नाही, होरीसाठी. ते मी नाकारलेलंच नाही. पण वीस आणे आधी आले म्हणूनच तिचं कोसळणं मला एवढं दिसलं, नुसती कोसळली असती तर मी पान उलटून पुढे गेले असते, आणि यावर मी ठाम आहे.

सांगेकार, पुढच्या कट्ट्यावर 'स्मशानातील सोनं' मोठ्याने वाचायची असं मी सगळ्यांना आत्ताच मेसेज टाकलाय. तुम्ही फोंड्याला येऊ शकाल का? शनिवारी संध्याकाळी पाचला.