प्रतिसाद: वॅक्सनंतर येणारं पुरळ

वॅक्सच्या दुसऱ्या दिवशी हातावर बारीक पुरळ येतं असं विचारलंय त्या ताईंना, मी दादरला पार्लरमध्ये काम करते, दरवेळी दोष वॅक्सचा नसतो हो, लगेच घट्ट बाह्यांचा कुर्ता घालून गर्दीच्या लोकलमध्ये घामाघूम व्हायचं, मग काय होणार! 24 तास तरी कडक पाण्याची आंघोळ, परफ्यूम, स्क्रब बंद. पुढच्या वॅक्सआधी केस 5-6 मिमी वाढू द्या, छोटे असले की तुटतात. आणि चेहऱ्याला रेटिनॉल (व्हिटॅमिन ए वालं क्रीम) लावत असाल तर आधी सांगा, वॅक्सने कातडी सोलवटते. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नकोच, गोळ्या थांबल्यावरही 6 महिने नको. एकदा अंगाला लावलेली वॅक्सची काडी परत डब्यात बुडवणारं पार्लर दिसलं तर सरळ उठून या.