गीझर गळतोय : दुरुस्त करू की नवाच घेऊ? (इंदूर)

रामबागेची_सून

नमस्कार मंडळी. आमचा गीझर गळायला लागलाय. २५ लिटरचा, उभा, २०१६ साली घेतलेला. खाली बादली ठेवली आहे, सकाळपर्यंत तिचा तळ झाकेल एवढं पाणी जमतं. बुडाशी जी प्लॅस्टिकची टोपी असते तिच्या कडेने तांबूस ओघळही आलेत.

एक मिस्त्री येऊन गेला. खालून हात फिरवला, बोटं पाहिली आणि म्हणाला, "मैडम, पूरा गीजर ही बदलवा लो, इसमें अब कुछ नहीं बचा." टोपी उघडायचे कष्टही घेतले नाहीत. नवा त्याच्याच ओळखीच्या दुकानातून येणार, हे ओघाने आलंच. दुसऱ्याने बाजूच्या पितळी व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं : "इसमें डमी ठोक देता हूँ, टपकना बंद." काम स्वस्तात होतंय म्हणून सासरे खूश. मला ते काही पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगताही येत नाहीये.

पाणी नर्मदेचं एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोरिंगचं, दोन्ही एकाच टाकीत. थंडी पडली आहे आणि घरात ऐंशीच्या पुढचं माणूस, त्यामुळे गीझर फार दिवस बंद ठेवता येणार नाही. काय करू? नवा घ्यायचा तर कोणता?

छावणीचा_छोटू

२०१६ चा? वहिनी, त्याचं वय झालं. बदला आणि मोकळ्या व्हा.

वॉशर_मास्तर

छोटू, थांब जरा. माणूस खोकला म्हणून लगेच तिरडी बांधायला घेत नाहीत.

रामबागेच्या सूनबाई, पहिली गोष्ट : डमी, म्हणजे व्हॉल्व्हच्या जागी ठोकायचं नुसतं बूच, लावू देऊ नका. कोणी कितीही स्वस्तात लावून दिली तरी नको. तुमच्या मनाने योग्य तेच सांगितलं, कारण मी सांगतो.

तो पितळी व्हॉल्व्ह म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं तर ते साधारण दीड टक्क्याने वाढतं, म्हणजे पावणेचारशे मिली, दीड-दोन पेले. टाकी लोखंडाची, ती काही फुगत नाही. मग ते दोन पेले जाणार कुठे? गच्चीवरच्या टाकीकडे परतायची वाट मोकळी असेल तर तिकडे सरकतात. ती वाट बंद असेल तर आतला दाब चढतो, आणि ठरलेल्या दाबाला हा व्हॉल्व्ह उघडून थेंब थेंब बाहेर सोडतो. पाणी तापत असतानाच टिपटिप होत असेल तर तो त्याचं काम करतोय, एवढाच अर्थ.

आता तिथे डमी ठोकली समजा. थर्मोस्टॅट चालू आहे आणि त्यामागचा कटआउटही (पाणी फार तापलं की वीज तोडणारा) धड आहे तोवर कदाचित काही होणार नाही. पण एखाद्या रात्री दोन्ही चिकटले तर पाणी तापतच राहील, शंभर अंशांच्या पुढेही जाईल, कारण दाबाखाली ते उकळत नाही. आणि टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. बाथरूमची भिंत पडल्याच्या बातम्या येतात त्या यातूनच.

आता दुसरा मुद्दा, आणि खरा प्रश्न तोच आहे : पाणी नक्की कुठून येतंय? तांबूस ओघळ टोपीच्या कडेला आहेत म्हणता, ते व्हॉल्व्हचं पाणी नसावं. म्हणजे गळत्या दोन असू शकतात. एक साधी तपासणी करा. गीझरचा एमसीबी पाडा, प्लगही काढा. व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटी नळी लावून ती वेगळ्या डब्यात सोडा. टोपीखाली दुसरा डबा. रात्रभर गीझर थंड राहू दे. सकाळी कोणत्या डब्यात किती पाणी आहे ते इथे लिहा. आणि सांधे कोरड्या टिश्यूने पुसून बघा, वरच्या सांध्यातलं पाणीसुद्धा अंगावरून ओघळत बुडाशी येतं आणि टाकीचं नाव खराब होतं.

पोहे_विथ_जीरावन

मास्तर रॉक्स. वहिनी, एक विचारू? टिपटिप कधीपासून आहे? मधे नळकामात काही बदल केला का?

रामबागेची_सून

दिवाळीच्या आधी वरच्या बाथरूमसाठी गच्चीवर प्रेशर पंप बसवला. मोठा शॉवर हवा होता मुलांना. टिपटिप त्यानंतरची आहे, हो. तांबूस डाग मात्र त्याच्या आधीपासून होते, तेव्हा लक्ष दिलं नाही कोणी.

डबे ठेवते आज रात्री.

वॉशर_मास्तर

पंप म्हणालात आणि अर्धं कोडं सुटलं. पंपासोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, पाणी उलट जाऊ नये म्हणून. आधी फुगलेलं पाणी गुपचूप गच्चीवर परत जात होतं, आता ती वाट बंद झाली. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह बोलायला लागला. त्याच्या तोंडाला कायमची नळी लावून मोरीत सोडा, विषय संपला.

पंपाचा दाबही बघून घ्या. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. दुमजली घरात गच्चीच्या टाकीने गीझरवर एक बारसुद्धा धड येत नाही. बहुतेक गीझरच्या पाटीवर ८ बार लिहिलेलं असतं, काहींवर कमी. घरगुती पंप त्याच्या जवळपासही जात नाही, पण पाटी वाचलेली बरी.

अन्नपूर्णा_रोडवाले_आजोबा

माझं ऐकाल तर सोलर लावा. वर्षातले आठ-नऊ महिने विजेचा प्रश्नच नाही. माळव्यात ऊन कमी आहे का?

पोहे_विथ_जीरावन

आजोबा, सोलरवरचा तुमचा जुना धागा आहे की. तिथे पाणी अजून तापतंय. 😀

तिलक_नगर_ताई

गळती चालू आहे तोवर एक पथ्य पाळा. पाणी आधी तापवून घ्या, बटण बंद करा, प्लग काढा, आणि मगच अंघोळीला माणूस जाऊ द्या. त्या टोपीच्या आतच विजेची टोकं असतात. ओल तिथपर्यंत पोचली असेल तर शॉक बसू शकतो. घरात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारं बटण) आहे का तेही बघा. गीझर लावल्यावर ते वारंवार पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका, ते खोटं बोलत नाही. आणि अर्थिंग. जुन्या रामबागेतल्या घरांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या पिनेमागे काहीच नसतं.

रामबागेची_सून

निकाल : व्हॉल्व्हचा डबा जवळजवळ कोरडा. टोपीखालच्या डब्यात पाणी, तांबूस. गीझर पूर्ण थंड होता. वरचे दोन्ही सांधे कोरडे.

आरसीसीबी आहे, ताई. अर्थिंगचं बघायला सांगितलंय.

वॉशर_मास्तर

छान तपासलंत. आता शक्यता दोनच उरल्या, आणि टोपी उघडल्याशिवाय त्यांचा निवाडा होत नाही.

टोपीच्या आत गोल पत्रा असतो, त्याला फ्लँज म्हणतात, बोल्टांनी आवळलेला. त्यालाच कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि एनोड रॉड जोडलेले असतात. पत्रा आणि टाकी यांच्यामध्ये रबराचं गॅस्केट. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ते कडक होतं, चिरतं, आणि तिथून पाणी झिरपतं. पाणी त्या गोलाच्या कडेने येत असेल तर गॅस्केट गेलंय. किरकोळ पैशांत मिळतं, कुशल हाताला तासाभराचं काम.

पण गोल कोरडा असेल आणि पाणी बाहेरचा पत्रा व आतली टाकी यांच्या मधून, फोम भिजवत येत असेल, तर टाकीला भोक पडलंय. मग छोटूचं बरोबर. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर हात जोडा. टाकीला आतून काचेचा मुलामा असतो, वेल्डिंगच्या आचेने तो आजूबाजूचा जळून जातो आणि काही महिन्यांत शेजारीच नवं भोक.

मिस्त्रीला फोनवरच विचारा : "फ्लँज खोलकर गैस्केट देखोगे क्या?" जो "देखता हूँ" म्हणेल त्याला बोलवा. जो न बघताच किंमत सांगेल त्याला नको. माणसाचं नाव मी देत नाही, कारण आज चांगला असलेला उद्या पोरगा पाठवतो.

सियागंज_सफारी

गॅस्केट आणि एनोडसाठी महाराणी रोड. जुनं गॅस्केट आणि गीझरच्या पाटीचा फोटो सोबत न्या, कारण बोल्टांची संख्या आणि गोलाचा व्यास प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. "यूनिवर्सल है, चल जाएगा" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगितला तर त्यांच्याकडेही मिळतं, थोडं महाग पण मापाचं. नळी, निपल, टेफ्लॉन टेप वगैरे सियागंजात. एक सूचना : गरम पाण्याच्या बाजूला साधी पांढरी पीव्हीसी नळी कोणी लावू नये, गरम पाणी सोसणारी सीपीव्हीसीच हवी.

छावणीचा_छोटू

हा एनोड रॉड काय प्रकार आहे? आमच्या गीझरमध्ये आहे का तेच माहीत नाही.

वॉशर_मास्तर

आहे. मॅग्नेशियमची कांडी असते. लोखंडाच्या आधी ती गंजते, म्हणून टाकी वाचते. कांडी संपली की पाणी टाकीला खायला लागतं. आपल्याकडे ती संपते लवकर, कारण पाण्यात क्षार जास्त.

नर्मदेचं पाणी १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपाने चढून येतंय, ते तुलनेने बरं. पण बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं, चांगलंच जड. तापवलं की त्यातला चुना सुटतो आणि कॉइलवर थर धरतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, वीज जास्त लागते, कॉइल जळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या बोरिंगचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घे, मग कळेल गीझरला काय भोगावं लागतं.

थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेव. तापमान जितकं जास्त तितका चुना जास्त बसतो. एनोड वर्ष-दोन वर्षांनी उघडून बघायचा, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आणि हीच कोणी करत नाही.

तिलक_नगर_ताई

टाकीच निघाली तर काय घ्यायचं, ते मी सांगते, कारण आम्ही गेल्या वर्षी हेच केलं.

कंपनीच्या नावावर भांडत बसू नका. चार-पाच मोठी नावं आहेत, त्यांतलं जवळ सर्व्हिस सेंटर असलेलं घ्या. आयएसआयची खूण बघा, साठवणीच्या गीझरसाठी आयएस २०८२ आहे. मग टाकीची वॉरंटी. पूर्ण गीझरची वेगळी, कॉइलची वेगळी आणि टाकीची सगळ्यात लांब असते, दुकानदार फक्त शेवटचा आकडा मोठ्याने सांगतो. वॉरंटी कार्डावरचं जड पाण्याबद्दलचं बारीक अक्षरातलं कलम दुकानातच वाचा. बोरिंगचं पाणी असेल तर काचेच्या मुलाम्याची टाकी आणि जाड एनोड. स्टीलची टाकी ऐकायला भारी वाटते, पण क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात तिलाही बारीक छिद्रं पडतात. आणि जास्त तारे असलेला घ्या. गरम पाणी तासन्‌तास तसंच राहिलं तर थंड होताना जी वीज वाया जाते, तिचा तो हिशेब आहे.

२५ लिटर पुरतो का तुम्हाला? पुरत असेल तर मोठा घेऊ नका. २५ लिटर पाणी २० वरून ६० वर न्यायला सव्वा युनिटच्या आतबाहेर वीज लागते, २ किलोवॅटच्या कॉइलला पस्तीस-चाळीस मिनिटं.

रामबागेची_सून

उघडला! सर्व्हिस सेंटरचाच माणूस आला. एमसीबी पाडून, पाणी सोडून, टोपी काढली. पाणी गोलाच्या कडेनेच येत होतं, फोम कोरडा. गॅस्केट एका बाजूला पापडासारखं मोडलं. कॉइलवर पांढरे खापरे, तळातून चुन्याचा चिखल निघाला बादलीभर. एनोडची जागा दाखवली त्याने, तिथे नुसती तार उरली होती.

बॅटरी लावून आत बघितलं. एका शिवणीजवळ गंजाचा ठिपका आहे, बाकी मुलामा शाबूत. नवं गॅस्केट, नवा एनोड, कॉइल साफ केली. व्हॉल्व्हला नळी लावून मोरीत सोडली. पाणी भरल्यावर गरम नळातून सलग धार येईपर्यंत त्याने बटण दाबू दिलं नाही, कॉइल कोरडी तापली तर जळते म्हणाला.

टोपीखाली आता कोरडं आहे. व्हॉल्व्ह तापताना टिपटिपतोच, पण सासऱ्यांना दोन पेल्यांचं गणित समजावलं आणि ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावतात.

वॉशर_मास्तर

गंजाचा ठिपका आहे म्हणजे अजून दोन-तीन हिवाळे धरा, जास्त नाही. त्या वेळी घाईत जे मिळेल ते घेण्यापेक्षा उन्हाळ्यात, दुकानं रिकामी असताना भाव बघून ठेवा. एनोड पुढच्या दिवाळीत उघडायला सांगा.

छावणीचा_छोटू

मास्तर, माझाही उघडून घेतो रविवारी. एक विचारायचं होतं : भाड्याच्या खोलीत मित्राने बाथरूमच्या आत गॅस गीझर लावलाय, खिडकी नाही. चालेल का?

वॉशर_मास्तर

नाही! आजच बंद करायला सांग. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आत बेशुद्ध होतो आणि बाहेर कळतही नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या हवेत लावून फक्त पाण्याची नळी आत घ्यायची. मित्राला फोन कर आणि मग नवा धागा काढ, तिथे सविस्तर बोलू.