पावसाळाभर पडवीत उभी असलेली स्प्लेंडर चालू करायची आहे, काय काय बघू?

वाशिष्ठीकाठ : बाबांची २०१२ ची स्प्लेंडर. जूनमध्ये पडवीत लावून ताडपत्री घातली, ती काल काढली. सीटवर बुरशी, चेन लालभडक, टाकीत जूनचंच अर्धी टाकी पेट्रोल. वीसेक किक मारल्या, नुसती फुसफुस. दसऱ्याला चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला आजीकडे जायचंय. बजेट दीड हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. नट खोलायचे पाने घरात आहेत.

घाटवेडा : दादा, सरळ नवी बॅटरी आणि दोन्ही टायर घाल. मी गेल्या वर्षी सात हजार घातले, वर्षभर बघायला नको.

पाना१०_१२ : ते दीड हजार म्हणतायत! आधी पेट्रोल काढा. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि टाकीखालच्या कॉकमधून आधी तेच उतरतं. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत धरा. माझ्या बाटलीत खाली बोटभर गढूळ थर, वर पेट्रोल, मध्ये सरळ रेघ दिसत होती. मग जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुटायचं बारीक भोक) साफ करा, प्लग बदला.

आरएक्सवाला : आमची १९९४ ची आरएक्स १०० अजून दोन किकमध्ये उठते. पावसाळ्यात दर रविवारी दोन मिनिटं चालू करतो, बस्स. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

पाना१०_१२ : दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, आत पाणी धरतं आणि तो आतून सडतो. चालू करायची तर वीस मिनिटं फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका.

आरएक्सवाला : तीस वर्षांत सडला नाही.

खेर्डीकर : ऑइल बदला. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी गाडी सीटपर्यंत बुडाली होती. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं! मी किक मारत बसलो होतो, इंजिनच खोलावं लागलं. आमच्या अख्ख्या आळीत एक गाडी वाचली नाही.

घाटवेडा : त्यांची पडवीत होती हो, पुरात नाही. बॅटरी बदला.

खेर्डीकर : ओल ती ओलच. ऑइल बघायची डिपस्टिक पुसून बघायला पैसे पडत नाहीत.

पोफळी_नाका : सगळे चालू कशी करायची तेच सांगताय. घाट चढताना काही होत नाही, परतीला उतरताना कळतं. माझा मागचा ब्रेक दाबला की सुटायचाच नाही. ड्रममधला कॅम, म्हणजे ब्रेक फाकवणारी खुंटी, गंजून अडकला होता. दुसऱ्या वळणाला ड्रमवर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. चाकं काढा, ड्रम पॉलिश पेपरने घासा, कॅमला नखभर ग्रीस लावा. लायनिंगला, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीला, ग्रीस लागता कामा नये. आणि टायरच्या बाजूला भेगा आहेत का, तेही बघा.

निवांत_दापोली : वरचंच म्हणतो, पेट्रोल बदला. पीयूसी पण बघा, आमचा दंड झाला.

वाशिष्ठीकाठ : पहिलं, दादा नाही, ताई. पेट्रोल काढलं, बाटलीत रेघ मलाही दिसली. प्लग, ऑइल, नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या किकला उठली, बाबा आतून धावत आले! ऑइल काळं होतं, दुधी नव्हतं. पुढचा ब्रेक ठीक. मागचा कॅम पान्याने ठोकून सुटला, घासून बसवला. बॅटरी चार्जला टाकली, हॉर्न वाजतोय, नवी घेत नाही. पीयूसी काढली. सगळे मिळून साधारण तेराशे गेले.

पण मागच्या टायरच्या कडेला नख जाईल एवढ्या भेगा आहेत. टायर आता बजेटात बसत नाही. म्हणून दसऱ्याला एसटीनेच जाते. गाडी तोवर बाजारापुरती.

आरएक्सवाला : एवढ्याशा भेगांनी काही होत नाही, हळू जा.

पोफळी_नाका : ताई, एसटीच बरी. टायर घेताना त्यावरचा बनल्याचा आठवडा आणि साल बघून घ्या, चार आकडे असतात. दुकानदार जुना माल गळ्यात मारतात.

घाटवेडा : आणि बॅटरी?