मदत हवी आहे: ओमेगा-३ आणि हृदयाचे बिघडलेले ठोके
बाबांना हार्ट अटॅकनंतर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे धोकादायक जलद ठोके) झाला, म्हणून आयसीडी (ठोके बिघडले की शॉक देऊन ते सुधारणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) बसवलंय. आता माशाच्या तेलाच्या कॅप्सूल द्याव्यात का?

ईपीए-डीएचए (माशाच्या तेलातले दोन मुख्य ओमेगा-३) हृदयपेशींच्या सोडियम आणि कॅल्शियम चॅनेलवर, म्हणजे ठोक्यांचे विद्युत संदेश घडवणाऱ्या वाटांवर, परिणाम करतात, असं वाचलं. इटलीतल्या १९९९च्या जीआयएसएसआय चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना रोज १ ग्रॅम दिल्यावर अचानक मृत्यू कमी झाले. वाचून खूप आशा वाटली. पण २०१८च्या रिड्यूस-इट चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) वाढलं! आयसीडीवाल्यांवरच्या चाचण्यांचे निकाल तर आपसात जुळतच नाहीत.

डॉक्टरांना विचारणारच आहोत, त्यांच्या परवानगीशिवाय काही सुरू करणार नाही. तरी कुणाच्या घरी आयसीडी असताना ओमेगा-३ दिलंय का? डोस किती सांगितला होता? की जेवणातला मासाच पुरे, असं सांगितलं? कृपया कळवा.