मदत हवी आहे: पोषण आहाराच्या वरणाबद्दल पालकांनी कोणाले विचारा लागते?

वऱ्हाडची_माय
लेक शाळेतून आली की आल्या आल्या भाकर मागते. शाळेत जेवली म्हणते, पण वरण नुसतं पाणी. उरलेलं डब्यात आणलं होतं, मी पाहिलं. पिवळ्या पाण्यात हळदीचा तवंग, डाळ बुडाशी बोटाच्या पेराएवढी, भाजीचा पत्ता नाही. हेडमास्तर म्हणतात शाळा व्यवस्थापन समितीत मांडा, समितीचे अध्यक्ष म्हणतात सभेत पाहू. सभा कधी, ते कोणीच सांगत नाही. काय करा लागते ते थोडक्यात सांगा, कापूस वेचणी सुरू आहे.

निवृत्त_गुरुजी
ताई, लेक कितवीत आहे? शाळा जिल्हा परिषदेची की अनुदानित? जेवण शाळेतच शिजते का? तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात का? पाचवीपर्यंत लेकरामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ अन् 50 ग्रॅम भाजी धरली आहे. सहावी ते आठवीला 150, 30 अन् 75.

पऱ्हाटी
एवढं विचारत बसू नका. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार टाका अन् पोच घ्या. आमच्या गावात पोच हाती आली तेव्हाच हलले सारे.

खडूफळा
मी शिक्षक आहे म्हणून सांगतो. भाजीपाला-इंधनाचे पैसे वेळेवर येत नाहीत, हेडमास्तर दुकानातून उधारीवर आणतात. स्वयंपाकीण बाई 2,500 रुपये महिन्यावर चुलीपुढे बसते. तक्रारीचा राग शेवटी तिच्यावरच निघतो. त्यापेक्षा परसबाग करा. शेवगा, पालक, चवळी लावा, पालकांनी पाणी द्यावं.

पऱ्हाटी
उधारी आहे तर पालकांले सांगा ना सर! भाजीचं समजलं, पण डाळ तर शाळेत पोचते, ती कुठं जाते? परसबागेत डाळ उगवत नाही.

आशाताई
तांदळात थोडे वेगळे, पिवळसर दाणे दिसतात, ते प्लास्टिक नाहीत हो. लोह, फॉलिक आम्ल अन् बी-12 घातलेले असतात. आया निवडून फेकतात, जीव तुटतो माझा. घरात कोणाले सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर मात्र डॉक्टरले विचारून घ्या.

निळी_सायकल
अंड्याचं कोणी बोलत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याले एक अंडं सुरू केलं अन् 2025 च्या जानेवारीत सरकारनं पैसे थांबवले. कोणाच्या गावात वर्गणीतून चालू आहे का?

वऱ्हाडची_माय
अंड्याचं मी विचारलंच नाही भाऊ. लेक पाचवीत, शाळा जि.प.ची, शाळेतच शिजते. मी समितीत नाही, कोण आहे तेही माहीत नाही. स्वयंपाकीण बाईशी माझं भांडण नाही, जेवढी डाळ देतात तेवढीच ती शिजवते.

निवृत्त_गुरुजी
आता सांगता येते. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत 75 टक्के पालक पाहिजेत अन् निम्म्या बाया. आधी सदस्यांची यादी मागा. समितीचा सचिव हेडमास्तरच असतो, म्हणून सभा बोलवा असा अर्ज त्यांच्याच नावानं द्या. वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची अन् चव नोंदवहीत लिहायचं असते, ती वही पाहा. मग साठा नोंदवही अन् हजेरी शेजारी ठेवा. पाचवीपर्यंतची 60 लेकरं जेवली तर 1 किलो 200 ग्रॅम डाळ निघाली पाहिजे. तीन-चार आया सोबत जा, एकट्या जाऊ नका.

खडूफळा
हे बरोबर. फक्त आदल्या दिवशी कळवून जा, शाळेत गोंधळ नको.

पऱ्हाटी
कळवलं की त्या दिवशी वरण घट्ट होते!

वऱ्हाडची_माय
शेजारच्या दोघी तयार आहेत, न कळवताच जातो. वही दाखवायले नाही म्हटलं तर?

निवृत्त_गुरुजी
तेच अर्जात लिहा, तिघींच्या सह्या करा. एक प्रत पंचायत समितीत पोषण आहार अधीक्षकाकडे द्या अन् तिथूनही पोच घ्या.