फुकटातला चांगला व्हिडिओ प्लेअर कोणता?

प्रश्न: कॉम्प्युटरमध्ये आधीपासून जो प्लेअर आहे त्यात काही एमकेव्ही फाईली लावल्या की आवाज येतो पण चित्र काळंच राहतं. फुकटातलं काही चांगलं सुचवा ना, आणि कोडेक (व्हिडिओ-आवाज उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्राम) यांचा पॅक वेगळा टाकावा लागतो का?

उत्तर १: डोळे मिटून व्हीएलसी टाका. कोडेक त्याच्या आतच असतात त्यामुळे वेगळा पॅक अजिबात टाकू नका, उलट त्यानेच गोंधळ होतो. १९९६ला पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट आहे हा, २००१ पासून ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), जाहिराती नाहीत काही नाही. फक्त तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या साइटवरूनच घ्या, मी एकदा सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या भलत्याच साइटवरून घेतला आणि सोबत ब्राउझरचा टूलबार आला, तो काढता काढता अख्खी संध्याकाळ गेली.

उत्तर २: मशीन जुनं असेल तर एमपीसी-एचसी पण बघा, विंडोजवर एकदम हलका चालतो.

प्रश्नकर्ता: व्हीएलसी टाकला, चित्र दिसलं! पण मराठी सबटायटलच्या जागी नुसते चौकोन दिसतायत आणि ती थोडी आधीच येतायत.

उत्तर १: सबटायटलची एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडा, तिथे मराठी नीट दिसत असेल तर सेव्ह ॲज करून एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, तरी चौकोनच आले तर प्रेफरन्सेसमधे सबटायटलचा फॉन्ट बदलून निर्मला यूआय करा. आणि व्हिडिओ चालू असताना एच दाबलं की सबटायटल थोडी उशिरा येतात, जी दाबलं की लवकर.

प्रश्नकर्ता: फॉन्ट बदलल्यावर जमलं, खूप आभार!