पंजाबचे जुने खेडे संग्रहालयात जतन होऊ शकते का?

धागाकर्ता : लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात ग्रामीण पंजाबच्या सामाजिक इतिहासाचे संग्रहालय आहे. जुन्या घराच्या धर्तीवर बांधलेल्या या वास्तूत चरखे, फुलकाऱ्या (भरतकामाच्या ओढण्या), काशा-पितळेची भांडी, कोरीव दारे अशा वस्तू जपल्या आहेत. तत्कालीन कुलगुरू मोहिंदरसिंग रंधावा यांच्या कल्पनेतून ते १९७०च्या दशकात उभे राहिले. विशेष हे, की ज्या विद्यापीठाने बुटक्या गव्हाचे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले आणि ज्या हरितक्रांतीत रहाटाच्या जागी कूपनलिका व बैलांच्या मळणीच्या जागी यंत्र आले, त्याच विद्यापीठाने मोडीत निघालेल्या जगाच्या खुणाही गोळा केल्या. हे काम आणखी वीस वर्षांनी सुरू झाले असते, तर बरेचसे भंगारात गेले असते. अशी संग्रहालये जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावीत, असे माझे मत आहे.

पहिला प्रतिसाद : मी असहमत आहे. वस्तू वाचतात, पण ज्या संबंधांमुळे त्या वापरात होत्या, ते संबंध काचेच्या कपाटात मावत नाहीत. पंजाबात ‘सेपी’ नावाची, आपल्या बलुतेदारीशी बरेच साम्य असलेली पद्धत होती. लोहार, सुतार, चर्मकार वर्षभर जमीनदार शेतकऱ्याची कामे करीत आणि सुगीला धान्याचा वाटा घेत. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे, आणि त्यांतील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन आहेत. ज्या खेड्यात त्यांची वस्ती गावकुसाच्या कडेला होती, ते खेडे केवळ देखणे म्हणून मांडणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय १९४७मध्ये पूर्व पंजाबातील मुसलमान विणकर, कुंभार, तेली मोठ्या संख्येने सीमेपलीकडे गेले. त्यांच्याविना ‘पारंपरिक गाव’ पुरे कसे होणार?

धागाकर्ता : आपला आक्षेप मांडणीवर आहे, जतनावर नाही. फुलकारीचेच पाहा. रेशमी धाग्याचे हे भरतकाम खादीच्या उलट बाजूने, कापडाचे धागे मोजत केले जाते. त्यामुळे भरणाऱ्या स्त्रीइतकाच ते कापड विणणाराही त्यात हजर असतो. निघून गेलेल्या विणकराचा हा पुरावा आपण जपलाच नाही, तर त्याची कथा कशाच्या आधारे सांगणार?

दुसरा प्रतिसाद : मला दोघांपेक्षा वेगळे म्हणायचे आहे. अमृतसर जिल्ह्यातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची तांब्या-पितळेची भांडी घडवण्याची कला २०१४मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. संग्रहालय भांडे एकदाच विकत घेते; कारागिराला मात्र दर महिन्याला गिऱ्हाईक लागते. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात बलुतेदारांचे पुतळे अतिशय हुबेहूब आहेत, तरीही पुतळ्याकडून कोणाला हातोडी धरायला शिकता येत नाही. नव्या दालनांचा पैसा आधी या कारागिरांच्या कच्च्या मालावर, शिकाऊ मुलांच्या विद्यावेतनावर खर्च व्हावा.

पहिला प्रतिसाद : हे मला पटते. त्यात एकच भर घालतो. फाळणीपूर्वीचे गाव ज्यांनी कळत्या वयात पाहिले, ती माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. भूमिहीन कुटुंबांतील अशा वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, मुलाखती लुधियानासारख्या संस्थांनी पंजाबीतच ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्या वस्तूंशेजारी ऐकायला मिळाव्यात. तसे झाले तर संग्रहालयाला असलेला माझा विरोध मी मागे घेईन.